चपलांची नोंद

"आठवण काढली की जखम पुन्हा उघडी होते, मग तिचे नाव घरात घ्यावे की घेऊ नये?" पत्नीच्या निधनानंतर समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे बहुतेक पुरुष कधी ना कधी हा प्रश्न विचारतातच. त्याचे उत्तर म्हणून बेळगावच्या वडगाव भागातील एका विणकर कुटुंबाची हकीकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे सांगते.

गृहस्थांचे दोन यंत्रमाग होते आणि कांड्या भरण्यापासून सुताच्या हिशेबापर्यंतचे सारे पत्नी पाहत असे. तिला जाऊन दीड वर्ष झाले होते. "तिचं नाव काढलं की पोरगी उठून आत जाते बघा, मॅडम. म्हणून मीच बोलायचं सोडलं," असे ते म्हणाले. नववीत शिकणारी मुलगी एकटी भेटली तेव्हा म्हणाली, "बाबांचा चेहरा बघवत नाही, म्हणून मी आत जाते." एकमेकांना जपण्याच्या भरात दोघांनी तिला भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोपुरती ठेवली होती.

फोटो सोडून तिची कोणतीही एक वस्तू घेऊन या, असे मी सुचवले. चौथ्या भेटीला एक हिशेबाची वही आली. बाईंचे माहेर गोकाककडचे आणि शिक्षण कन्नडमधून झालेले, त्यामुळे वहीतली अक्षरे कन्नड होती. गृहस्थ कन्नड सफाईने बोलत, पण ते मराठी शाळेत शिकलेले असल्यामुळे त्यांना ती लिपी वाचता येत नव्हती. मुलीला येत होती. ती एकेक ओळ मराठीत सांगू लागली. "दूध. सूत. ह्यांना चपला, किंमत सांगायची नाही, ओरडतील."

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ते हळूच म्हणाले, "ओरडलो होतो मी. दोन दिवस बोललो नव्हतो." मुलगी म्हणाली, "आईपण बोलली नव्हती. आमटीत मीठ घातलं नव्हतं तिनं, मुद्दाम." आणि दोघेही आधी हसले, मग रडले. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही. इतक्या वर्षांच्या कामातून मी काही शिकले असेन, तर ते अशा वेळी गप्प बसणे.

मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडलेल्या, नकारापासून स्वीकारापर्यंतच्या पाच अवस्थांचा आजही लोक वेळापत्रकासारखा वापर करतात, परंतु त्या मुळात मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांतून आलेल्या आहेत. माझा कल शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये मांडलेल्या विचाराकडे आहे: गेलेल्या माणसाशी असलेले नाते तोडायचे नसते, ते वेगळ्या रूपात चालू राहते. पितृपक्षात सवाष्ण गेलेल्या स्त्रीसाठी अविधवा नवमी राखून ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे नवे वाटू नये.

म्हणून नाव अवश्य घ्यावे, आणि ते केवळ गुणगानासाठी घेऊ नये. तिचा राग, तिचे हट्ट, तुमची भांडणे हेही मुलांसमोर येऊ द्यावे, कारण देवी झालेल्या आईशी मुलांना बोलता येत नाही. मुले लहान असतील तर "आई झोपली आहे" असे मुळीच सांगू नये, त्यांना झोपेचीच भीती बसते; ती वारली, असे साध्या शब्दांत सांगावे. तुमच्या डोळ्यांत पाणी आले तर ते लपवण्याचे कारण नाही. मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ दुःखाची तीव्रता तशीच राहून कामधंदा, झोप, जेवण कोलमडले असेल, किंवा जगणेच नकोसे वाटू लागले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. या दुसऱ्या बाबतीत एक दिवसही थांबू नये.

वहीच्या शेवटच्या पानावर शेजारच्या काकूंचे 40 रुपये देणे लिहिलेले होते. बापलेक ते द्यायला गेले. काकूंनी पैसे घेतले नाहीत. दोघांना बसवून घेतले आणि ते 40 रुपये कशासाठी घेतले होते, ते सांगायला सुरुवात केली.