दुर्गा खोटे म्हणजे सिनेमातल्या आईच ना? मग त्यांना एवढं मोठं का मानतात?

'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई आणि 'बॉबी'मधली आजी, एवढंच पाहून तुम्ही विचारताय की या बाईंना फाळके पुरस्कार कशाबद्दल मिळाला. प्रश्न रास्त आहे. टीव्हीवर जे फिरून फिरून लागतं ते सगळं त्यांचं पन्नाशीनंतरचं काम. त्याआधीची तीसेक वर्षं कुणी दाखवतच नाही, मग लोकांना कळणार कुठून?

त्यांच्यावरच्या बहुतेक लेखांची गाडी 'घरंदाज बाई सिनेमात आली' इथेच थांबते. गोष्ट खरी आहे. जन्म १९०५ चा, माहेर मुंबईचं लाड घराणं, मूळ गोव्याकडचं, घरात कोकणी बोलणारं. शिक्षण कॅथेड्रल शाळेत आणि मग सेंट झेवियर्समध्ये. खोट्यांचं सासरही बडं, पण ती श्रीमंती ओसरली आणि ऐन तारुण्यात वैधव्यही आलं. पदरात दोन मुलगे. शिकवण्या करून पाहिल्या, त्यात भागेना. तेव्हा सिनेमा हा हौसेचा मामला नव्हता, घरखर्चाचा होता. १९३१ च्या 'फरेबी जाल' या चित्रपटात छोटीशी भूमिका केली आणि चहूकडून छी-थू झाली. मात्र त्याच कामामुळे प्रभात फिल्म कंपनीचे दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापू, यांची नजर त्यांच्यावर गेली.

आता 'अयोध्येचा राजा'. प्रभातचा, कोल्हापुरात बनलेला, १९३२ चा, पहिला मराठी बोलपट. हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गाबाई. इथे जरा मागे जाऊन बघा. १९१३ साली फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामती करायला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवावं लागलं. त्यानंतर एकोणीस वर्षांनी त्याच भूमिकेत झेवियर्समध्ये शिकलेली बाई उभी राहिली. पार्श्वगायनाची सोय अजून यायची होती, त्यामुळे गाणीही स्वतःच म्हणायची, तीही कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करता. चित्रपट हिंदीतही होता, म्हणजे एकच प्रसंग आधी एका भाषेत रडायचा आणि मग पुन्हा दुसऱ्या भाषेत. आजच्या नटांना हे सांगितलं तर घाम फुटेल.

पण माझ्या मते दुर्गाबाईंचं खरं मोठेपण याच्या पुढचं आहे. त्या काळी नटनट्या कंपनीच्या नोकर असत. महिन्याचा पगार, कंपनी सांगेल तो चित्रपट, दुसऱ्याचं काम बंद. दुर्गाबाईंनी स्वतःला कुणाच्या दावणीला बांधून घेतलं नाही. प्रभातसारखं घर मिळालेलं असताना त्या कलकत्त्याला गेल्या, न्यू थिएटर्ससाठी 'राजरानी मीरा' केला, ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी 'सीता' केला, दोन्ही दिग्दर्शक देवकी बोस यांचे. 'सीता' व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. नंतर परत प्रभातकडे, मग मुंबईत प्रकाश पिक्चर्सकडे. दोन मुलांची आई एकटीच्या हिमतीवर असे करार करते, तेही त्या काळात. आज सगळेच असं काम करतात म्हणून आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही, एवढंच.

प्रभातकडे परत आल्यावर केलेला 'अमरज्योती' (१९३६) मात्र नुसता उल्लेख करून सोडून देण्यासारखा नाही. यात त्या सौदामिनी, समुद्रावरच्या लुटारूंची राणी. स्वतःच्या मुलाचा ताबा मागायला गेलेल्या बाईला राज्याचा कायदा तो नाकारतो, आणि ती जहाजावर चढते. कायदा सांगणारा मंत्री दुर्जय म्हणजे चंद्रमोहन, ते घारे डोळे तुम्ही एकदा पाहिलेत की विसरणार नाही. सौदामिनी त्याला पकडते आणि त्याचा पाय तोडायला लावते. नव्वद वर्षांपूर्वीच्या हिंदी चित्रपटात! त्या प्रसंगांत दुर्गाबाईंचा चेहरा पाहा. आरडाओरडा जवळपास नाही. मान ताठ, बोलणं थंड, आणि समोरचा कितीही मोठा असला तरी पापणी लवत नाही. थोडे संवाद नाटकी आहेत हे मान्य, काळच तसा होता. बाईंचं उभं राहणं मात्र आजही जुनं वाटत नाही.

पुढे अत्र्यांच्या 'पायाची दासी'त (१९४१) त्या सासू झाल्या, तेही छळणाऱ्या. वय छत्तीस! वनमाला सून. पुढच्याच वर्षी 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी. नायिकेचं वय सरतंय म्हणून रडत बसण्यापेक्षा बाईंनी खमकी कामं उचलली. आईच्या भूमिकांची सुरुवात अशी आहे, म्हणून 'नुसत्या आई' हा शब्द मला खटकला.

आणि रंगभूमी. हा भाग तर साफ विसरला गेलाय, कारण नाटकाची रीळं नसतात. गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघाने जुन्या नाटकांना पुन्हा उभं केलं, त्यात दुर्गाबाई होत्या. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त त्या आनंदीबाई आणि नानासाहेब फाटक राघोबादादा, ही जोडी आमच्या आधीची पिढी अजून सांगते. ते नाटक १९५४ साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यमहोत्सवातही गाजलं. त्याच सुमारास शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून लिहिलेलं 'राजमुकुट' आलं, त्यातही हीच दोघं. आनंदीबाई आणि लेडी मॅकबेथ, दोघीही नवऱ्याला गादीकडे ढकलणाऱ्या. पडद्यावर सोशिक तारामती म्हणून नाव झालेल्या बाईंनी रंगमंचावर हे केलं. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी, मराठी रंगभूमीवरच्या अभिनयासाठी. आणखी एक धागा म्हणजे विजया मेहता काही काळ त्यांच्या सूनबाई होत्या, त्यांचा मुलगा हरीन याच्या पत्नी. हरीन अकाली गेला. त्या दुःखाबद्दल मी इथे काही लिहित नाही, दोघींच्या आत्मचरित्रांत वाचा.

आता तुमच्या जोधाबाईकडे येऊ. अकबर लढाईला निघालाय आणि बायकोने त्याच्या हाती तलवार द्यायची आहे, आणि ती तलवार चालणार पोटच्या पोरावर. तो प्रसंग परत बघताना एवढं लक्षात ठेवा, की समोर उभे असलेले पृथ्वीराज कपूर १९३४ च्या 'सीता'त त्यांचे राम होते. सव्वीस वर्षांची ओळख आहे ती. पृथ्वीराज आवाजाने पडदा भरून टाकतात, आणि दुर्गाबाई आवाज आणखी खाली आणतात. (पुढे 'द हाउसहोल्डर'मध्ये पृथ्वीराजांच्याच मुलाच्या, शशी कपूरच्या आई झाल्या, तीही नवऱ्या मुलाच्या संसारात लुडबूड करणारी आई. धमाल आहेत त्यात.)

'बिदाई'साठी (१९७४) फिल्मफेअर मिळालं, त्याआधी १९६८ ला पद्मश्री, आणि १९८३ ला फाळके. दरम्यान बाई माहितीपट आणि जाहिरातपटांच्या निर्मितीत शिरल्या होत्या. 'वागळे की दुनिया' तुम्ही पाहिली असेल, निदान आईवडिलांनी तरी नक्की. ती मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. तेव्हा बाई ऐंशी पार केलेल्या होत्या. १९९१ साली गेल्या.

काय बघायचं असं विचाराल तर आधी 'अमरज्योती', मग 'अयोध्येचा राजा' (प्रिंट खराब असेल, आवाज किरकिरेल, सहन करा), आणि मग 'मुघल-ए-आझम' पुन्हा. 'बॉबी' शेवटी. गोव्याकडचं माहेर असलेली ही बाई त्यात गोव्याची ख्रिस्ती आजी झालीय, तेव्हा आधी डिंपलकडे बघून झालं असेल तर आता जरा आजीकडे बघा.