कर्ज वाढवण्याआधी छपराचा विचार करा

गुहागरजवळच्या वडिलोपार्जित जागेत आपण घर बांधत आहात आणि वीजबिल जवळजवळ शून्यावर यावे यासाठी 5 किलोवॅटचा सौर संच, दुहेरी काचेच्या खिडक्या व दोन एसी यांकरिता गृहकर्ज 4 लाखांनी वाढवावे का, असे विचारले आहे. निवृत्तीला 4 वर्षे उरली आहेत. वापर महिना 150 युनिट, बिल सुमारे 1,500 रुपये.

माझ्या मते हे वाढीव कर्ज घेऊ नये. साडेआठ टक्के व्याजाने 15 वर्षांसाठी 4 लाखांचा हप्ता 3,940 रुपयांच्या आसपास जातो. वाचणारी रक्कम त्याच्या निम्मीही नाही आणि त्यातली 11 वर्षे निवृत्तीनंतरची आहेत.

घर थंड राखण्याचे काम आधी बांधकामाने करावे, कारण ते बांधून झाल्यावर बदलणे महाग पडते. कोकणात हवा दमट असते, रात्रीही उकाडा फारसा उतरत नाही, त्यामुळे घर बंद ठेवून उपयोगी पडणाऱ्या दुहेरी काचेपेक्षा समोरासमोरच्या खिडक्या आणि पश्चिमेला रुंद पडवी यांवर केलेला खर्च अधिक फळतो. नुसता स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो; शिवाय गळती लागली की पुढे वर पत्र्याची शेड घालावी लागते, हे आपण गावात पाहिलेच असेल. तो खर्च मागाहून करण्यापेक्षा आत्ताच स्लॅबवर हवा खेळेल एवढी मोकळी जागा सोडून मंगलोरी कौले घालावीत. साधा पंखा 75 वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा, कमी वीज खाणारा) पंखा 30 वॅटच्या आसपास. तेवढा बदल जरूर करावा.

सौर संच 2 किलोवॅटचा पुरे. जास्तीची वीज वीज कंपनीकडे जमा होऊन पुढच्या बिलांतून वजा होते, त्यामुळे पावसाळ्यात निर्मिती बरीच घटली तरी वर्षाचा हिशेब जुळतो, आणि वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांना घरगुती दराच्या मानाने फार कमी भाव मिळत असल्याने मोठा संच घेण्यात अर्थ नाही. घराच्या छपरावरील सौर संचासाठी केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटला 60,000 रुपये अनुदान आहे. कोटेशन 1 लाख 30 हजारांचे आले, तर निव्वळ 70 हजार रुपये बचतीतून साधारण पाच वर्षांत वसूल होतात. मात्र अनुदान संच बसल्यानंतर खात्यात येते, म्हणून पूर्ण रक्कम हाताशी हवी, आणि त्याआधी बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीऐवजी कायमची घरगुती जोडणी घ्यावी लागेल.

खाऱ्या वाऱ्यासाठी सांगाडा गरम जस्तलेपनाचा (वितळलेल्या जस्तात बुडवलेला, हॉट-डिप गॅल्वनाइज्ड) आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असतील, असे कोटेशनमध्ये लिहून घ्या. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात किनाऱ्यावरच्या घरांची छपरे उडाली होती. घराच्या विम्यात सौर संचाचा स्पष्ट उल्लेख करून घ्या.