अर्जात खरं लिहिणारा मुलगा

“मॅडम, याने सगळं खरं लिहिलंय. आता खरं लिहिलं म्हणून घ्यायचं, की जे लिहिलंय ते वाचून नाही म्हणायचं?”

१२ ते १८ वयाच्या मुलामुलींचा गट चालवणाऱ्या एका ताईंनी मला विचारलेला हा प्रश्न. (दोघांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) स्वयंसेवक म्हणून आलेल्या २६ वर्षांच्या मुलाने अर्जात लिहिलं होतं: वडील दारू पिऊन मारायचे, सोळाव्या वर्षी घर सोडलं, पुढची पाचेक वर्षं स्वतःही दारूत घालवली, एकदा जीव द्यायचा प्रयत्न केला. चार वर्षं झाली, दारूला हात लावलेला नाही. गटाच्या समितीतल्या आठपैकी सहा जणांचं म्हणणं एकच होतं, ज्याने मार खाल्ला तो मारणार.

मी आधी वेगळंच विचारलं. आठ जणांना हे कळलं कसं? ताई गप्प झाल्या. कोणीतरी अर्जाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला होता. मला फार वाईट वाटलं. एखादा माणूस आपल्या आयुष्याचं सगळ्यात दुखरं पान विश्वासाने हातात देतो आणि ते आठ मोबाइलवर फिरतं! निर्णय काहीही होवो, तो फोटो सगळ्यांनी काढून टाकायचा आणि त्या मुलाची माफी मागायची, हे मी आधी कबूल करून घेतलं. असा मजकूर दोघांनीच वाचायचा, तिसऱ्याने नाही.

मग समितीच्या भीतीकडे वळलो. ती भीती अगदीच निराधार नाही. कॅथी स्पॅट्झ विडम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा हेळसांड सोसलेल्या ९०८ मुलांची पुढची वाटचाल तपासून १९८९ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यातल्या २६ टक्के मुलांना अल्पवयातच अटक झाली होती. तसं काही न सोसलेल्या मुलांत हे प्रमाण १७ टक्के होतं. म्हणजे धोका वाढतो, पण सोसलेल्यांतल्याही चारातल्या जवळपास तीन मुलांना अल्पवयात अटक झाली नव्हती. शिवाय १९९८ मध्ये फेलिट्टी, अँडा हे अमेरिकन डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेनऊ हजार प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांनी मारहाण, घरातलं व्यसन असा निदान एक तरी अनुभव सांगितला. “तुमच्या आठ जणांत चार तरी तसे असतील,” मी म्हणाले, “त्यांनी अर्जात लिहिलं नाही एवढंच.”

एका कागदावर मी दोन रकाने आखले. ‘त्याच्या वाट्याला काय आलं’ आणि ‘त्याच्या हातून काय झालं’. समितीने पहिल्या रकान्यावरून निकाल दिला होता, दुसरा कोणी विचारलाच नव्हता. त्या दुसऱ्या रकान्यात लहान मुलाला इजा किंवा लैंगिक त्रास दिल्याची नोंद असेल, तर माझ्याकडे चर्चेला जागा नाही. पश्चात्ताप अगदी खरा असला तरी त्या माणसाने मुलांत काम करू नये. आयुष्य सावरायला त्याला दुसरी कामं आहेत. आणि पोलिसांकडे नोंद नाही, याचा अर्थ तक्रार झालेली नाही, एवढाच घ्यायचा. मुलांना त्रास देणारा बहुतेकदा ओळखीतला, विश्वासातलाच असतो आणि मुलं वर्षानुवर्षं बोलत नाहीत.

मुलगा मला भेटायला आला. दुसऱ्या रकान्यात दारूच्या काळातली एक मारामारी निघाली, बरोबरीच्या माणसाशी झालेली. ती त्याने न विचारता सांगितली. तो ज्यांच्याकडे काम करत होता, त्यांच्याशी ताई आधीच बोलल्या होत्या. तेही चांगलं बोलले होते. मग मी विचारलं, “चौदा वर्षांचा एखादा मुलगा तुला बाजूला घेऊन म्हणाला, ‘दादा, बाबा मारतात, पण कोणाला सांगू नकोस.’ काय करशील?”

त्याने क्षणाचाही विचार केला नाही. “माझ्या घरी घेऊन येईन. त्याच रात्री.”

हे बोलताना त्याने गुडघ्यावरची मूठ आवळली होती. समितीला भीती होती तो मारेल याची. मला काळजी वाटली ती तो वाचवायला धावेल याची. त्या चौदा वर्षांच्या मुलात त्याला स्वतःच दिसणार होता. मुलांना वाचवता वाचवता स्वतःलाही वाचवू पाहणारा माणूस गुपितं पोटात ठेवतो, नियम मोडतो, आणि मग मुलाच्या मदतीला गटातलं दुसरं कोणीच उरत नाही. मी हे त्याला असंच सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो चिडला नाही. “मग मी काय करू?” असं त्याने विचारलं. त्या प्रश्नाने माझं मत बनलं.

पहिले सहा महिने मुलांची थेट जबाबदारी नाही. सामान, नोंदी, मैदानाची तयारी. या काळात स्वतःचं समुपदेशन, गटाबाहेरच्या समुपदेशकाकडे. व्यसन पुन्हा डोकं वर काढतंय असं वाटलं, तर सांगायला एक ठरलेला माणूस. बाकीचे नियम ताईंनी सगळ्या स्वयंसेवकांना लावले. कोणीही मोठा माणूस एका मुलासोबत बंद दाराआड एकटा नाही. मुलांशी खासगी मेसेज नाहीत. मुलाने मारहाणीचं काही सांगितलं, तर ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, ते त्याच दिवशी ताईंपर्यंत पोचवायचं.

त्याच महिन्यात दुसरा एक अर्ज आला होता, अगदी निष्कलंक. समितीला फार आवडलेला. पण एकट्याने मुलांसोबत राहायचं नाही म्हटल्यावर ते गृहस्थ दुखावले, “माझ्यावर विश्वास नाही का?” म्हणाले, आणि पूर्वीच्या कामाच्या ठिकाणचा फोन नंबर द्यायला तयार होईनात. त्यांच्या मनात काही होतं की नव्हतं, मला माहीत नाही. ते कळण्याची वाट बघायची नसते. ताईंनी नाही म्हटलं. समितीत त्यावरून बरीच कुरकुर झाली.

वर्षभराने एका रात्री त्या मुलाचा फोन आला. आवाज कापत होता. गटातल्या एका मुलाने त्याला खरंच तसं सांगितलं होतं. “मी म्हटलं, हे माझ्यापाशी ठेवता येणार नाही, ताईंना सांगावं लागेल. तू सोबत चल. तो ओरडला माझ्यावर. पण आला.” त्या मुलाच्या मदतीसाठी ताई पुढच्या कामाला लागल्या होत्या. “मॅडम, मी त्याला घरी नाही आणलं,” तो म्हणाला, आणि बराच वेळ फोनवर रडत राहिला.