कीबोर्ड यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडलाय, मीटर हलतो, पण रेकॉर्डिंग मुकं. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की कीबोर्ड दहा-बारा वर्षं जुना आहे, मागे चौकोनी यूएसबी आणि पाच छिद्रांचं गोल सॉकेट अशी दोन्ही आहेत, लॅपटॉप विंडोजचा आहे, आणि बहिणीच्या रियाजासाठी तुम्हाला गाण्यांचे ट्रॅक करायचेत. पट्टी दाबली की रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला मीटर हलतो, पण परत लावून ऐकलं तर सगळं चिडीचूप.

केबल आणि कीबोर्ड दोन्ही शाबूत आहेत, आधी निश्चिंत व्हा. मीटर हलतोय म्हणजे जोडणी झालीय. फक्त त्या केबलमधून आवाज जात नाहीये, मिडी जातंय. मिडी म्हणजे नोटेशनची वही. कोणती पट्टी, किती जोरात, कधी दाबली, कधी सोडली, अशा नुसत्या नोंदी. बासरीचा टोन कीबोर्डच्या पोटात असतो, तो तिथेच राहतो. (काही नव्या कीबोर्डांत त्याच यूएसबीतून आवाजही जातो. विंडोजच्या साउंड इनपुटच्या यादीत तुमच्या कीबोर्डचं नाव दिसत नसेल तर तुमचा त्यातला नाही.)

ही चूक मीही केलीय, आणि तीही चारचौघांत. एका भावगीताची बासरी रात्री दोनपर्यंत बसून वाजवली, रीपरमधून फाइल काढली आणि गाणाऱ्या काकूंना व्हॉट्सअ‍ॅपवर धाडून दिली. सकाळी त्यांचा फोन: "अहो, बासरी म्हणालात ना? इथे पियानो टिंगटिंग करतोय." मी पाठवली होती मिडी फाइल. बासरीचा टोन निवडल्याची नोंद तिच्यात नव्हती, मग त्यांच्या मोबाइलने आपला पहिल्या नंबरचा टोन लावला, आणि तो असतो पियानो.

तेव्हा आधी ठरवा, तुम्हाला वही हवी की आवाज. दोन्हींच्या वायरी वेगळ्या.

वही चालणार असेल तर आवाज लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरच्या वाद्यातून काढायचा. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये मिडीच्या पानावर कीबोर्डचं इनपुट चालू आहे का बघा (मीटर हलतोय म्हणजे असणार). नवीन ट्रॅक घ्या, लाल बटण दाबा, इनपुटला मिडी निवडून सगळे चॅनल ठेवा, मॉनिटरिंग (वाजवतानाच ऐकू येण्याची सोय) चालू करा. मग त्याच ट्रॅकच्या एफएक्समध्ये जाऊन एखादं वाद्य टाका. रीपरसोबतच येणारा रियासिंथ टाकून बघा. टोन अगदीच पिपाणीसारखा आहे, पण आवाज आला की गाडी रुळावर आली समजा, चांगली वाद्यं नंतर शोधता येतात. विंडोजवर बऱ्याचदा एक मिडी पोर्ट एका वेळी एकच सॉफ्टवेअर धरून ठेवतं, म्हणून दुसरं काही उघडं असेल तर बंद करा.

गोल सॉकेटची तुम्हाला सध्या गरज नाही. पण कधी यूएसबी पोर्ट गेलाच तर त्यासाठी मिडी-यूएसबी केबल मिळते. कीबोर्डच्या आउटमधून निघालेलं केबलच्या इनमध्ये जातं, एवढं लक्षात ठेवा. काही नाहीच आलं तर दोन टोकं अदलाबदल करून बघा, त्याने काही जळत नाही. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ असे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर याच सॉकेटने एकमेकांना जोडून दाखवले होते. त्या काळचं वाद्यही आजच्या लॅपटॉपशी बोलतं. आमच्या धंद्यात एवढं टिकलेलं दुसरं काही मला तरी आठवत नाही.

आता आवाज. तुमच्या कीबोर्डातला टोनच आवडत असेल, आणि बहुतेक तसंच असणार, तर साधा दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरचा आवाज लॅपटॉपात घेणारी डबी, घ्या. कीबोर्डच्या लेफ्ट-राइट आउटपुटमधून दोन मोठ्या पिनच्या वायरी त्याच्या दोन इनपुटला लावा. स्विच 'लाइन'वर ठेवा, 'इन्स्ट्रुमेंट'वर नको, ते गिटारसाठी असतं. हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसण्याचा मोह होईल. टाळा. ते भोक माइकच्या बारीक सिग्नलसाठी असतं आणि बहुधा मोनो असतं. कीबोर्डचा सिग्नल तिथे फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कशानेच शिवता येत नाही.

मी स्वतः दोन्ही वायरी लावतो. आधी मिडी रेकॉर्ड करतो, चुकलेले सूर माउसने जागेवर बसवतो, मग तीच वही रीपरमधून परत कीबोर्डला पाठवतो. कीबोर्ड भुतासारखा आपला आपण वाजतो आणि त्याचा आवाज इंटरफेसमधून दुसऱ्या ट्रॅकवर उतरतो. मी तोवर चहा टाकतो. एकेक वाद्य असं वेगळं घेतलं की बहिणीला हवं तेव्हा नुसता ठेका ठेवून बाकीचं बंद करता येईल.

यात एक पाचर आहे. वाजवताना तुमची पट्टी कीबोर्डाच्या आतल्या टोनलाही वाजवते, आणि रीपरमधून फिरून आलेली नोंदही त्यालाच वाजवते. एकाच सुराचे दोन आवाज, किंचित पुढेमागे. ऐकायला पत्र्याच्या पिंपातून आल्यासारखं वाटतं. त्यावर उपाय म्हणजे कीबोर्डच्या मेनूतलं 'लोकल कंट्रोल' बंद करायचं. मग पट्ट्या आणि टोन यांच्यातला आतला दुवा तुटतो, आणि टोन फक्त बाहेरून आलेली नोंद वाजवतो.

काम झालं की ते आठवणीने चालू करा. पुष्कळ कीबोर्ड बंद करून लावले की लोकल आपोआप चालू होतं, माझ्या कीबोर्डवर मात्र ते बंदच सेव्ह झालं होतं. गणपतीतला कार्यक्रम, समोर मंडळी बसलेली, निवेदकाने नाव पुकारलं आणि माझा कीबोर्ड मुका. साउंडवाल्याने तीन पिना बदलल्या, मिक्सरचा चॅनल बदलला, आणि मी घामाघूम. शेवटी ढोलकीवाल्याने वेळ मारून नेली तेवढ्यात मला मेनू आठवला. साउंडवाल्याला तो कार्यक्रम अजून आठवतो.

पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो अशी तुमची पुढची तक्रार असेलच. लॅपटॉप आवाजाचे नमुने (सॅम्पल) साठवून एकदम पुढे पाठवतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या सॅम्पल रेटला १०२४ चा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, आणि त्यात येण्याजाण्याचा वेळ आणखी वाढतो. बफर १२८ केलात तर २३ चे जेमतेम ३ मिलिसेकंद होतात. वाजवताना १२८ ठेवा, मिक्सिंगला वाढवा. इंटरफेसचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर (हा उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर) टाका, इंटरफेस येईपर्यंत फुकटचा आसिओ-फॉर-ऑल वापरा.

आणि घूंऽऽ असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला तर तो अर्थिंगच्या फेऱ्याचा प्रताप आहे, कारण यूएसबी आणि ऑडिओ अशा दोन वाटांनी कीबोर्ड लॅपटॉपला बांधला जातो. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, तरी राहिला तर ऑडिओच्या वायरीत मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे हा फेरा तोडणारी डबी. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कोणी कितीही सांगितलं तरी काढू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे हा घूं खर्जातल्या पांढरी पाचच्या जरा चढाच बसतो. त्या पट्टीत गाणारीला तो जास्तच टोचेल.

मराठी गाणी करताय म्हणून आणखी एक. मींड घ्यायला बेंडचं चाक फिरवता, तेव्हा वहीत चाक किती फिरलं एवढंच उतरतं, सूर किती सरकला ते नाही. कीबोर्डवर बेंडची रेंज पाच अर्धस्वरांची (काळ्या-पांढऱ्या मिळून पाच पट्ट्यांची) आणि सॉफ्टवेअरमधल्या वाद्याची दोनची असेल, तर तुमची षड्जापासून मध्यमापर्यंतची मींड रिषभावरच अडकून बसते. दोन्हीकडे आकडा सारखा करा. ट्रान्सपोजचंही तसंच. बहीण काळी एकमध्ये गाते म्हणून कीबोर्डवर ट्रान्सपोज लावून वाजवत असाल, तर वहीत पांढरी एकचे सूर गेलेत की काळी एकचे, ते चार सूर वाजवून आधीच बघा. दोन्ही प्रकारचे कीबोर्ड असतात.