रॅम विसरते, पेन ड्राइव्ह का विसरत नाही?

प्रश्न : लाइट गेले की सेव्ह न केलेलं काम गेलंच. पेन ड्राइव्हमधलं मात्र वर्षाने उघडलं तरी जागच्या जागी. चिप तर दोन्हीकडे आहे ना?

उत्तर : आहे, पण विजेचा भार धरून ठेवण्याची तऱ्हा वेगळी. रॅममध्ये, म्हणजे चालू काम धरणाऱ्या तात्पुरत्या मेमरीत, एका बिटसाठी (एका ० किंवा १ साठी) एक ट्रान्झिस्टर (विजेचा स्विच) आणि एक इवलासा कपॅसिटर (भार साठवणारा भाग) असतो. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचलेली ही रचना आजही टिकून आहे. कपॅसिटर भरलेला असला तर १, रिकामा असला तर ०. पण तो गळका! म्हणून प्रत्येक बिट साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा भरावा लागतो. तुम्ही कॉम्प्युटरला हातही लावला नाहीत तरी ही भराभरी चालूच असते. वीज गेली की ती थांबते. तरीही रॅम क्षणात कोरी होत नाही. चिप पुरेशी गार केली तर वीज तोडल्यावर काही मिनिटांनीही तिच्यातलं वाचता येतं, हे २००८ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं होतं.

पेन ड्राइव्हच्या फ्लॅश मेमरीत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात, चारी बाजूंनी वीज अडवणारा थर. जास्त व्होल्टेजचा रेटा दिल्याशिवाय ते आत शिरत नाहीत नि बाहेर पडत नाहीत. त्या प्रत्येक रेट्याने थर थोडा झिजतो, म्हणूनच फ्लॅशला लिहिण्या-पुसण्याची मर्यादा आहे.

प्रश्न : कॅश (प्रोसेसरजवळची छोटी मेमरी) इतकी वेगवान असते, मग सगळी रॅम तशीच का बनवत नाहीत?

उत्तर : जागा आणि पैसा. कॅशमध्ये एका बिटमागे सहसा सहा ट्रान्झिस्टर लागतात. ते एकमेकांना सावरून धरतात, त्यामुळे पुन्हा पुन्हा भरायची कटकट नाही. पण तेवढ्या जागेत रॅमचे कितीतरी बिट मावतील.

प्रश्न : रॅम दुप्पट केली, फरक शून्य. फसलो का?

उत्तर : आधीची पुरत होती, एवढंच. रॅम अपुरी पडली की सिस्टिम तिच्यातला मजकूर एसएसडीवर (फ्लॅश मेमरीच्याच कायमच्या ड्राइव्हवर) हलवते, आणि एसएसडी रॅमहून शेकडो पटींनी संथ. ही ओढाताण नव्हतीच, तर वेळ वाचणार कसा?

प्रश्न : फोटो एसएसडीवर घालून कपाटात ठेवले तर चालेल?

उत्तर : मी ठेवणार नाही. कोंडलेले इलेक्ट्रॉनही हळूहळू निसटतात, उष्णतेत जास्तच. घरगुती एसएसडी पूर्ण झिजल्यावर, ३० अंश सेल्सिअसला, विजेविना एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच जेडेक या चिप उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. नवी ड्राइव्ह याहून बरीच जास्त टिकते. तरी अधूनमधून ती जोडून फाइली उघडून पाहा, आणि दुसरी प्रत हार्ड डिस्कवर असू द्या.