फूड सायन्समध्ये एम.एस्सी. झाले आहे. अन्नातून पसरणाऱ्या विषाणूंवर पीएच.डी. करावी का? त्यात करिअर आहे का?

करा. पण घरच्यांना आधीच सांगून ठेवा की तुम्ही उलट्या-जुलाबांच्या डॉक्टर होणार आहात. मी सांगितलं नव्हतं, त्यामुळे माझ्या थोरल्या दिरांना हा विनोद अजून पुरतोय.

मी ऐरोलीला राहते, महापे एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये आहे. पीएच.डी. नोरोव्हायरसवर, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या साथी आणणाऱ्या विषाणूवर, खरं तर उंदराच्या नोरोव्हायरसवर. माणसाचा तेव्हा लॅबमध्ये वाढतच नव्हता. १९६८ साली ओहायोतल्या नॉरवॉकच्या शाळेत साथ आली, १९७२ साली शास्त्रज्ञ कपिकियन यांनी तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला, आणि पुढची चाळीसेक वर्षं सगळ्यांनी त्याच्या भाऊबंदांवरच भागवलं. मी २०१४ ला प्रबंध दिला, आणि २०१६ ला ह्यूस्टनच्या मेरी एस्टिस यांच्या गटाने माणसाच्या आतड्याच्या पेशींत तो वाढवून दाखवला. असं आमचं टायमिंग.

आता दिरांचं. पुतणीचा साखरपुडा होता, घोडबंदर रोडच्या एका हॉलवर. रविवारी दुपारी एकला पंगत. सोमवारी रात्री आठच्या सुमारास पहिला फोन आला, आणि मंगळवारी सकाळपर्यंत दोन्हीकडची मिळून तीसेक माणसं आडवी. दिरांनी तिथल्या तिथे निकाल दिला: बासुंदी नासकी होती. केटररचे राहिलेले बारा हजार कापले.

अहो, बासुंदी! दोन तास आटवलेली. दुधात स्टॅफचं टॉक्सिन, म्हणजे त्या जिवाणूने सोडलेलं विष असतं तर माणसं हॉलच्या पार्किंगमध्येच ओकली असती. ते सहा-सात तासांच्या आत दाखवतंच. एकतीस तासांनी सुरू होऊन दीड-दोन दिवसांत आपोआप थांबणं, त्यात उलट्यांचा जोर जास्त, ही नोरोव्हायरसची चाल आहे. आणि तो शिळेपणातून येत नाही. विषाणू अन्नात वाढत नाही, त्याला फक्त कुणाच्या तरी हातावरून ताटात पोचायचं असतं. वास बदलत नाही, चव बदलत नाही, फ्रीजमध्ये तर तो आणखी टिकतो. कोशिंबिरीसारख्या न शिजवलेल्या पदार्थात तो आला की आला. मी हे सगळं दिरांना समजावलं. ते म्हणाले, "वाशीला मसाल्यांना रेडिएशन देतात ना, तसं करा मग काहीतरी." जिवाणूंना पुरणारा डोस विषाणूंना पुरत नाही, हे सांगेपर्यंत ते टीव्हीकडे वळले होते.

तुमचा प्रश्न राहिला. काम कसं असतं ते सांगते. तिसऱ्यांचं सॅम्पल आलं की एकेक शिंपली उघडून आतली काळपट-हिरवी पाचकग्रंथी तेवढी स्काल्पेलने काढायची, दोन ग्रॅम भरेपर्यंत. कालवांचं पटकन होतं, तिसऱ्यांना मान मोडते. मग ग्रंथी विरघळवायला प्रोटिनेज के, मग आरएनए, मग पीसीआर, आणि संध्याकाळी सीटी (कितव्या फेरीला विषाणू दिसला तो आकडा; जितका मोठा तितका विषाणू कमी) येतो ३८. म्हणजे आहे म्हणावं तर आहे. असला तरी जिवंत की मेलेला, ते पीसीआर सांगत नाही. क्लायंटला मात्र 'पास' हवं असतं. (मी तिसऱ्या खाते. शिंपली उघडली की शिजली असं मानत नाही, एवढंच. शांघायला १९८८ साली अर्धकच्च्या शिंपल्यांनी तीन लाखांच्या आसपास लोकांना हिपॅटायटिस ए झाला होता.)

जागांचं म्हणाल तर अडचण अशी की फूडच्या विभागांना विषाणू येत नाहीत आणि विषाणूवाल्यांना अन्न क्षुल्लक वाटतं. मासळीतून जायचं तर वर्सोव्याची मत्स्यशिक्षण संस्था सीआयएफई, विषाणूंकडून यायचं तर पुण्याची विषाणू संस्था एनआयव्ही. गाईड असा धरा ज्याच्याकडे सेल कल्चर, म्हणजे विषाणू वाढवायला जिवंत पेशी जोपासणं, रोज चालतं, नुसतं पीसीआर मशीन नव्हे. पगाराचं विचारू नका. क्वालिटीत गेलेल्या माझ्या मैत्रिणींचे फ्लॅट माझ्याआधी झाले.

एक कबूल करायला हवं. साखरपुड्याला सासूबाईंसाठी गरम पाणी आणायला मी मागे स्वयंपाकघरात गेले होते. एक पोरगा काकड्या सोलत होता, चेहरा पांढराफटक. शेजारचा म्हणाला, "सकाळपास्नं दोनदा ओकलाय, एवढं झालं की झोपवतो त्याला." पोराने आमच्या समोरच सॅनिटायझर चोळलं आणि पुन्हा काकडी घेतली. अल्कोहोल मोडतं ते चरबीचं आवरण नोरोव्हायरसला नसतं, त्यामुळे अल्कोहोल त्याचं फारसं काही बिघडवत नाही, साबणाने चोळून हात धुवावे लागतात. हे मी शंभर ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. त्या दिवशी पाणी घेऊन बाहेर आले. शुभकार्यात कुठे बोभाटा करायचा म्हणून. जेवायला बसले तेव्हा कोशिंबीर मात्र नको म्हटलं.

आता अर्थात, कुणाचंही सॅम्पल तपासलेलं नाही. मी डबी घेऊन फिरले, तीस जणांत एकानेही दिलं नाही, आणि कोशिंबीर उरलीच नव्हती. कागदावर माझ्याकडे काही नाही. दुसरं काही असूही शकेल. बासुंदी नव्हती एवढं मात्र नक्की.

दादा, तुम्ही इथे वाचता हे मला माहीत आहे. चूक केटररकडच्या पोराची, आणि निम्मी माझी. पण पैसे तुम्ही बासुंदीचे कापलेत. ते बारा हजार त्याला देऊन टाका; हवं तर सहा मी घालते.