जुनं कब घेऊ का?

प्रश्न: लायसन्स मिळून दोन वर्षं झाली, आत्तापर्यंत फक्त सेस्ना १७२ (नाकाखाली चाक असलेलं छोटं विमान) उडवलंय. आता १९४६ चं पायपर जे-३ कब हे छोटं विमान घ्यायचं डोक्यात बसलंय. रंग एकदम चकाचक आहे, मालक म्हणतो काहीच काम निघणार नाही. घेऊ का?

उत्तर: घ्या की, पण रंगावर भाळू नका! कबचं अंग म्हणजे स्टीलच्या नळ्यांवर ताणलेलं कापड, आणि खरा गंज असतो तो त्या कापडाच्या आत, शेपटीजवळच्या खालच्या नळ्यांमध्ये, कारण पाणी तिथेच साचतं. पंखाला आधार देणारे स्ट्रट पण आतून गंजतात, बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही, त्यामुळे जुनी विमानं हाताळलेल्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पैसे देऊच नका. मालकाचा मेकॅनिक नको बरं का.

दुसरं म्हणजे टेलव्हील, कबचं तिसरं चाक नाकाखाली नाही, शेपटीखाली असतं. वजनाचा मध्य मेन चाकांच्या मागे असतो, म्हणून लँडिंगला जरा तिरके टेकलात की शेपूट पुढे यायला बघते आणि विमान गर्रकन फिरतं. सेस्नात पाय आळशी झालेले असतात, इथे विमान पूर्ण थांबेपर्यंत रडरवर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पेडलवर, पाय जागे हवेत. आधी इन्स्ट्रक्टरबरोबर शिका, मग चेक फाडा.

बाकी मजाच आहे, ६५ हॉर्सपॉवर, एकटे असाल तर मागच्या सीटवरून उडवायचं, आणि फ्युएल गेज म्हणजे टाकीतल्या बुचाच्या तुकड्यावर तरंगणारी तार, इंधन संपत जाईल तशी नाकासमोर खाली जाताना दिसते. बहुतेकांना स्टार्टर नसतो, इंजिन चालू करायला पुढचा पंखा हाताने फिरवायचा, तेव्हा आत ब्रेकवर जाणकार माणूस हवाच.